मुंग्या न लागलेली सुकेळी

एन्झाइमचा धडा मी फार छान शिकवत असे. हे आधीच स्वतःच्या तोंडानं सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर माझं कौतुक करायला कुणी उरणार नाही.

पुस्तकात त्यांना विकर म्हणतात, पण तो शब्द उत्तरपत्रिकेबाहेर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. बारावीच्या वर्गात शिरले की मी पोरांना डब्यातल्या चपातीचा एक कोरडा तुकडा तोंडात घ्यायला लावायची. भाजी नाही, चटणी नाही. चावायचं, पण गिळायचं नाही. आधी खिदळणं व्हायचं, मग कंटाळा यायचा, आणि मग कुणीतरी डोळे मोठे करून म्हणायचं, "मॅडम, गोड लागतंय." मी विचारायची, साखर कुणी घातली? साखर कुणीच घातलेली नसते. चपातीतला स्टार्च म्हणजे साखरेच्याच बारीक कड्यांची लांबलचक साखळी, आणि ती तोडणारं एन्झाइम आपल्या थुंकीत असतं. नुसत्या पाण्यात भिजवून ही साखळी तुटायची वाट बघत बसलात, तर तुमची नातवंडं म्हातारी होतील. एन्झाइम तेच काम घास तोंडात असेपर्यंत सुरू करून दाखवतं.

ते हे करतं कसं, यासाठी माझा एक ठरलेला दाखला होता, लग्न जुळवणारे काका. मुलाकडच्यांची ना नसते, मुलीकडच्यांचीही नसते. पण पहिला शब्द टाकायचा कुणी? दोन्हीकडचा मान आडवा येतो. तेवढा एक उंबरठा ओलांडायला फार जोर लागतो, आणि तो जोर कुणाकडे नसतो म्हणून वर्षं जातात. काका येतात, दोघांना एका खोलीत आणतात आणि अशा बेतानं समोरासमोर बसवतात की बोलणं निघणंच सोपं व्हावं. उंबरठाच ठेंगणा करून टाकतात म्हणा ना. लग्न लागलं की जिलेबी खाऊन काका जसेच्या तसे पुढच्या घरी. एन्झाइमही असंच, कामात खर्ची पडत नाही, म्हणून चिमूटभर पुरतं. एका वर्षी एका आगाऊ पोरानं विचारलं, "पण मॅडम, इथे तर तोडायचंय." मी म्हटलं, मोडणारे काकाही असतात, तुला अजून भेटले नाहीत. वर्ग हसला, आणि मी ते वाक्य पुढे दरवर्षी वापरलं.

शेवटी यायची उष्णता. थोडी ऊब मिळाली की एन्झाइम जोमानं कामाला लागतं. उकळत्या पाण्यात टाकलं की त्याची घडीच विस्कटते, ज्या खाचेत स्टार्च नेमका बसायचा ती खाचच राहत नाही. पुन्हा थंड केलं तरी ती परत येत नाही. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होतं का? हा प्रश्न मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची आणि खाली दोन रेघा मारायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच कुणी करून ठेवली असावी.

मी मूळची सातारकडची. लग्न करून विरारला चंदनसारला आले, तेव्हा तिथे इमारतींपेक्षा मोकळ्या जागा जास्त होत्या. जवळच्याच एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. माझी जीभ तिखट. स्टाफरूममध्ये माझ्याशी वाद घालायला कुणी यायचं नाही, आणि मी त्याला आदर समजत होते. इतकी वर्षं तालुक्यात राहूनही पश्चिमेकडच्या वाड्यांत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. केळी, नारळ, पानवेली यांच्यात राहणारी माणसं माझ्या लेखी साधी होती. साधी म्हणजे आपण सांगावं आणि त्यांनी ऐकावं, अशी.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी वर्गात नंदाखालची एक मुलगी होती. ख्रिस्ती घरातली, घरी केळीची वाडी, वडील नव्हते. बोलायची कमी, वही मात्र लख्ख. माझा चपातीचा प्रयोग झाला आणि तिनं हात वर केला. म्हणाली, "मॅडम, सुकेळीपण अशीच गोड होते का?"

वर्ग हसला. मी सुकेळी खाल्ली होती, पण ती कशी होते याचा कधी विचार केला नव्हता. वसईच्या बाजारात मिळणारी वाळवलेली केळी, एवढंच मला ठाऊक. त्या मुलीनं उभं राहून सांगितलं. राजेळी जातीचे घड उतरवायचे, पेंढ्यात ऊब देऊन पिकवायचे. साल पिवळी झाली तरी थांबायचं, काळी पडली की सोलायची, आणि मांडवावर उन्हात घालायची. संध्याकाळी गोळा करून केळीच्या वाळक्या पानांत झाकायची, सकाळी पुन्हा उन्हात. आठ दिवस असं चालतं, आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा गोड लागते. "नुसतं पाणी उडून जात असेल तर ठीक," ती म्हणाली, "पण पहिल्या दिवसाचं केळं तर इतकं गोड नसतंच. मग ते गोड कुठून येतं?"

इतका चांगला प्रश्न मला माझ्या अख्ख्या नोकरीत कुणी विचारला नाही. आज हे मी मोकळेपणानं म्हणते. त्या दिवशी मी फक्त "बस खाली, चांगलं आहे" म्हटलं, आणि माझ्या डोक्यात विज्ञान प्रदर्शन घुमायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यात ती वही घेऊन आली. तिनं तिचा बेत लिहून आणला होता. घड उतरवल्या दिवसापासून पुडे बांधेपर्यंत रोज एका केळ्याची चकती कापायची आणि तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. स्टार्च असेल तिथे आयोडीन काळंनिळं होतं, स्टार्च संपून साखर झाली की होत नाही. रोजच्या चकतीचा फोटो काढायचा. आणि शेजारच्या रकान्यात आई काय म्हणते ते लिहायचं, कारण आई केळं दाबून, हुंगून "अजून नाही" किंवा "आता" सांगते. आईचं बोट आणि आयोडीन जुळतं का ते बघायचं.

मी वही मिटून टेबलावर ठेवली. "यात नवीन काय? आठवीतली पोरं बटाट्यावर हेच करतात."

मग मी तिला माझा बेत सांगितला. सुकेळी काळपट का होते? केळं सोललं की हवा लागून एक दुसरंच एन्झाइम त्याचा रंग घालवतं, म्हणून. सोलल्याबरोबर केळी चार-पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरायची. ते एन्झाइम मेलं की रंग जायचा नाही. सोन्यासारखी पिवळीधमक सुकेळी. परीक्षक बघतच राहतील. मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "पण मॅडम, मग दुसरं एन्झाइम..." आणि मी घड्याळाकडे बघितलं. तिनं वही उचलली आणि ती गेली. ते वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

डिसेंबर लागता लागता मी स्वतः नंदाखालला गेले. आगाशीकडच्या बसनं उतरून केळींमधल्या पायवाटेनं. मुलीच्या आईनं अंगणात खुर्ची टाकली, शहाळं फोडलं. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, हात मातीत राबून राठ झालेले. घरात मुलींशी ती त्यांच्या बोलीत बोलायची, ती मला निम्मीच कळायची. माझ्याशी मात्र जपून, शाळेतल्या मराठीत.

थोरल्या मुलीचं लग्न नाताळानंतरच्या पहिल्या आठवड्यात होतं. त्या घराची एक रीत होती. लेक सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर आईच्या हातच्या सुकेळीची टोपली जाते, आणि सासरी पहिल्या दिवशी तीच सगळ्यांना वाटतात. या बाईची टोपलीही तशीच आली होती, तिच्या सासूचीही. लग्नापर्यंत तयार होतील असे घड वाडीत मोजकेच होते, आणि ते सगळे टोपलीसाठी राखलेले. हे तिनं मला सांगितलं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "गरम पाण्यात? पिकलेलं केळं?"

"काळं होईपर्यंत थांबलात तर पाण्यात विरघळेल, ताई. पिवळं झालं की सोला. तेवढं पुरे."

"आमच्या सासूबाई सांगायच्या, साल काळी पडेस्तोवर हात लावायचा नाही."

"सासूबाईंनी बायोलॉजी नव्हतं केलं," मी म्हणाले आणि हसले. तीही हसली. मुलगी हसली नाही.

"सगळीच बुडवू?" तिनं विचारलं.

कुठल्याही प्रयोगात थोडा माल जुन्या पद्धतीनं बाजूला ठेवायचा असतो, तुलनेसाठी. मी हे पहिल्या प्रॅक्टिकलला शिकवायची. तो नियम मोडणाऱ्याचे मार्क मी कापायची. पण मला फोटोत अख्खा मांडव सोनेरी हवा होता. मी म्हटलं, "सगळीच." उचलली जीभ लावली टाळ्याला.

चौथ्या दिवशी मी पुन्हा गेले, कॅमेरा घेऊन. मांडवावर जाळी पसरलेली, खाली ओळीनं केळी, पितळेसारखी पिवळी. मी हरखून गेले. आई मांडवाच्या कडेला उभी राहून एकेक केळं उलटत होती. उलटता उलटता म्हणाली, "टीचर, यंदा मुंग्या लागल्या नाहीत."

दरवर्षी म्हणे चौथ्या दिवसापासून मुंग्या आवरता आवरत नाहीत, मांडवाच्या पायांना पाण्याच्या वाट्या लावाव्या लागतात. मधमाश्या घोंगावतात. यंदा वाट्या कोरड्याच पडल्या होत्या.

मी म्हणाले, "बघा, किती स्वच्छ राहिली."

ही गोष्ट आठवली की अजूनही मी एकटी असले तरी तोंडावर हात ठेवते. अंगणातल्या मुंगीला जे कळलं, ते एमएस्सी झालेल्या बाईला कळलं नाही. आणि त्या बाईनं ते स्वच्छतेच्या खात्यात टाकलं. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा केळी उलटायला लागली.

प्रदर्शनात आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. सुकेळी काचेच्या पेटीत होती, तिला कुणी हात लावला नाही, चाखण्याचा तर प्रश्नच नव्हता. प्रमाणपत्रावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं. मुलीला बोलवून घेतलं तेव्हा तिनं एक वाक्य बोलून माईक माझ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी पेटी उघडली आणि सगळ्यांना वाटायच्या आधी एक तुकडा तोंडात टाकला. चामड्यासारखा चिवट, आत पिठूळ. गोडी नावाला. कच्चं केळं उकडून वाळवलं तर जसं लागेल तसं. पेटीत खालच्या बाजूच्या दोन केळ्यांवर पांढरी बुरशी धरायला लागली होती. मी पेटी मिटली, "अजून मुरायचीय" असं काहीतरी पुटपुटले आणि प्रयोगशाळेत गेले. दुपारची वेळ, प्रयोगशाळा रिकामी. एक चकती कापली, बशीत ठेवली आणि आयोडीनचा थेंब टाकला. थेंब पडल्यापडल्या काळा झाला. दुसऱ्या चकतीवर टाकला, तोही काळा. केळ्यात स्टार्च जसाच्या तसा होता.

उकळत्या पाण्यानं रंग घालवणारं एन्झाइम मेलं होतं, खरं आहे. पण त्याच पाण्यात ते दुसरंही मेलं, स्टार्चची साखर करणारं. राजेळी केळं पिवळं झालं तरी आत पिठूळच असतं. साल काळी पडेपर्यंतचे ते दिवस, आणि नंतर मांडवावरच्या उबेतले पहिले दोन-तीन दिवस, याच काळात त्याचं सगळं काम चालतं. सासूबाईंनी बायोलॉजी केलं नव्हतं, पण त्यांना नेमकं एवढंच माहीत होतं की काका आपलं काम करून निघेपर्यंत खोलीत शिरायचं नाही. मी शिरले होते, आणि तेही पातेलंभर उकळतं पाणी घेऊन. त्या मुलीचं अर्धं राहिलेलं वाक्य हेच होतं. तिची रोजची चकती आणि रोजचा थेंब असता, तर तिसऱ्या दिवशीच कळलं असतं.

मी बशी धुतली. तीन वेळा धुतली, डाग गेला तरी.

नाताळाच्या आधी मी नंदाखालला गेले. निघताना मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगायचं, चूक माझी. बसमध्ये वाक्यंही जुळवून ठेवली होती. घराजवळ आले तर अंगणात मांडव रिकामा, आणि कोपऱ्यात शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला सोनेरी सुकेळीचा ढीग. आईनं खुर्ची टाकली. शहाळं फोडलं. मग उभी राहून म्हणाली, "टीचर, कुठं चुकलं असेल?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर कदाचित मी खरं बोलले असते. ती खरोखर विचारत होती, आणि मी टीचर होते, आणि धाकटी मुलगी दारात उभी होती. माझ्या तोंडून निघालं, "पाण्यात जास्त वेळ राहिली असतील, ताई. मी चार-पाच मिनिटं म्हटलं होतं. आणि ऊनही यंदा कमीच."

तिनं मान हलवली. "असेल. माझंच काहीतरी झालं असेल."

मुलगी आत निघून गेली.

मी उठले तेव्हा आईनं आतून एक पुडा आणून माझ्या हातात दिला, केळीच्या वाळक्या पानांत बांधलेला. सोडून बघितलं तर सुकेळी, काळपट तांबूस, मऊ, मधासारख्या वासाची. मी म्हटलं, "गेल्या मोसमातली ना? बघा, तेव्हा किती छान जमली होती तुम्हाला." ती फक्त "हं" म्हणाली.

पुढचे चार-पाच दिवस संध्याकाळच्या चहाबरोबर ती सुकेळी मी खाल्ली. माझ्या नवऱ्याला एक दिली. तो म्हणाला, इतकी चांगली आजवर खाल्ली नाही. मी म्हटलं, हो, त्या बाईच्या हाताला चव आहे, यंदाच बिचारीचं फसलं.

लग्नाला मला मानानं बोलावलं होतं, पुढच्या रांगेत बसवलं होतं. टोपली दुसऱ्या गावातल्या कुणाकडून तरी आणलेल्या सुकेळीनं भरली होती. चर्चमधून आल्यावर मांडवात मुलाकडच्या एका वयस्क बाईनं त्यातली एक उचलली, मोडली, चाखली आणि सहज म्हणाली, "ही तुमच्या हातची नाही वाटत." मुलीची आई नव्या साडीत उभी होती. ती म्हणाली, "यंदा माझ्याकडून बिघडली." मी दोन हातांवर होते, हातात जेवणाची ताटली. ती बाई म्हणाली, "होतं असं कधी कधी," आणि पुढे गेली. मी घास गिळला. तो मला अजून आठवतो, नारळाच्या रसातलं मटण होतं. तेव्हाही बोलायला जागा होती. मी बोलले नाही.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. त्या मुलीला मी पैकीच्या पैकी मार्क दिले. तसंही तिला तेवढेच पडायला हवे होते, तिचं काम तसंच होतं. पण मार्क लिहिताना मला जरा बरं वाटलं, जणू काही फेडलं. परस्पर, कुणाला न सांगता, स्वतःच्या पदरचं काही न देता फेडलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करतो याचा तो नमुना होता.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं गेली. निवृत्त होईपर्यंत धडा मी शिकवत राहिले, चपाती, काका, उकडलेलं अंडं. फळ्यावर दोन रेघा मारताना दरवेळी मला ती बशी दिसायची. सांगायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. सांगायचं टाळलं.

गेल्या डिसेंबरात ती आई आमच्या चंदनसारच्या घरी आली. विचारत विचारत, तीन मजले चढून. धाकटीचं लग्न होतं, पत्रिका द्यायला आली होती. मुलगी आता रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये कामाला होती. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्याचं सांगितलं, तर म्हणाली, "हो, धाकटी बोलली होती." पाणी पिऊन गेली. ती गेल्यावर मी पत्रिका हातात घेऊन बसून राहिले. पुन्हा एक टोपली जाणार होती. आणि ही बाई मनात आपलाच हात बिघडल्याची भीती घेऊन ती भरणार होती, असं मला वाटलं. ते सहन होईना.

दोन दिवसांनी मी नंदाखालला गेले. मांडव होता तिथेच होता, वर जाळी, खाली काळपट केळी ओळीनं. मांडवाच्या चारही पायांना पाण्याच्या वाट्या, त्यांत बुडालेल्या मुंग्या. आई केळी उलटत होती. तिनं खुर्चीकडे बोट दाखवलं. मी बसले नाही.

"ताई, त्या वर्षी सुकेळी तुमच्यामुळे नव्हती बिघडली. पाण्यात घाला असं मी सांगितलं, तेच चूक होतं. आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्याकडे आले त्याच्या आधी. मी खोटं बोलले."

तिनं हातातलं केळं उलटून खाली ठेवलं. "ठाऊक आहे की," ती म्हणाली.

मला वाटलं, मुलीनं सांगितलं असेल. तसं विचारलं.

"नाही, मलाच कळलं होतं. घडातली एक फणी मी बुडवलीच नव्हती. जीव होईना. तुम्ही सगळी म्हणालात, पण एक आत पेंढ्यात तशीच ठेवली, काळी होईस्तोवर. मग घराच्या मागं उन्हात घातली, तुम्हाला दिसायला नको म्हणून. ती चांगली झाली. मुंग्या आवरेनात."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? मी तुमच्यावर ढकललं, तेव्हा तरी?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी वर्गात एखाद्या मठ्ठ पोराकडे बघायची. फक्त तिच्या बघण्यात दया होती.

"पोरीची परीक्षा व्हायची होती, टीचर. मार्क तुमच्या हातात. तुम्हाला तोंडावर कसं सांगायचं, चुकलात म्हणून?"

मला एकदम तो पुडा आठवला, वाळक्या पानांतला. मी विचारलं, "ती फणी... ती सुकेळी टोपलीत नाही घातली?"

"बाराच होत्या," ती म्हणाली. "वरच्या थरापुरत्या झाल्या असत्या. मी दोन दिवस विचार केला. मग म्हटलं, मोठीचं काय, तिची टोपली कशीही जाईल. धाकटीचं वर्ष आहे." पुढचं केळं उलटताना तिनं सावकाश पुढे जोडलं, "आणि तुम्हीही विसरला नाहीत. पैकीच्या पैकी दिलेत."

काय म्हणणार होते मी? की ते मार्क तुमच्या पुड्याचे नव्हते, तुमच्या मुलीचेच होते? मी तोंड उघडलं, पण या एका बाबतीत ती माझ्यावर का विश्वास ठेवेल याचं एकही कारण मला सापडलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की मी या बाईपासून काहीतरी लपवते आहे. ती मला सांभाळून घेत होती. आणि टोपलीतली बारा सुकेळी मी चहाबरोबर खाल्ली होती, वर तिच्या हाताची कीव करत.

मला रडू आलं. तिनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. उन्हं कलत होती, ती तयार झालेल्या ओळीकडे गेली. बोटानं एकेक दाबून, हुंगून तिनं बारा-पंधरा वेचल्या, वाळकं पान पसरलं, पुडा बांधला आणि माझ्या हातात दिला. पानावरून दोन मुंग्या माझ्या मनगटावर आल्या.

मी म्हटलं, "नको, ताई. टोपलीत घाला."

"टोपली भरली," ती म्हणाली. "हा तुमचा."

मी पुडा घेतला. आता माझ्या हातात कुणाचेच मार्क नव्हते, आणि ते तिलाही माहीत होतं.